रात्री फिश टँकची लाईट ठेवायची की घालवायची?

घरात नवा फिश टँक आला की पहिल्याच रात्री एक प्रश्न हमखास निघतो. झोपायला जाताना टँकची लाईट घालवायची की राहू द्यायची? पोरं म्हणतात, मासे अंधारात घाबरतील. शेजारचे सांगतात, रात्रभर लाईट पाहिजेच, आमचे दोन मासे अंधारातच मेले. तिसरा कुणीतरी मधला मार्ग काढतो की मोठी लाईट नको, पण झिरो बल्ब तरी असू दे. दुकानात बघावं तर तिथं टँक सकाळपासून रात्रीपर्यंत झगमगत असतात, त्यामुळं मासा म्हणजे सतत उजेडात राहणारा प्राणी, असं मनात बसून जातं.

उत्तर सरळ आहे. घरी पाळल्या जाणाऱ्या जवळजवळ कुठल्याच माशाला रात्री लाईट लागत नाही. उलट रोज काही तास अंधार मिळणं ही त्याची गरज आहे. रात्री चालू राहावी लागते ती हवा. आता आपल्या भागात विजेलाही लाईटच म्हणतात, आणि घोटाळा नेमका तिथूनच सुरू होतो. तो पुढं बघू.

मासा झोपतो, फक्त डोळे मिटत नाही

घरातल्या टँकमधल्या माशांना पापण्या नसतात. त्यामुळं मासा झोपला आहे हे आपल्याला कळत नाही, आणि तो झोपतच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात रात्री उशिरा, खोलीतला दिवा घालवून थोड्या वेळानं मंद उजेडात टँककडं बघा. गोल्डफिश तळाजवळ एका जागी तरंगत असतो, कल्ले सावकाश हलत असतात, शेपटी जराशी खाली झुकलेली असते. गप्पी झाडाच्या पानाला टेकून असतात. निऑन टेट्रा तर फिका पडतो. दिवसा चमकणारी त्याची निळी पट्टी रात्री मंद, जांभळट होते आणि अंगाचा लाल रंगही उतरल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मासा आजारी पडला. काही झालेलं नसतं, सकाळी उजेड पडला की थोड्या वेळात रंग परत येतो.

माशाच्या झोपेवर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त वापरला गेलेला मासा आपल्याच उपखंडातला आहे. दुकानात झेब्रा डॅनिओ म्हणून मिळतो तो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा असतो आणि तिथं त्याला साधारणपणे १४ तास उजेड आणि १० तास अंधार असं वेळापत्रक दिलं जातं. सकाळी दिवे लागल्यावर थोड्याच वेळात तो अंडी घालतो, म्हणजे अंधारानंतर येणारा उजेड हाच त्याला इशारा असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की या माशांना सतत उजेडात ठेवलं तर त्यांची झोप जवळजवळ बंदच होते.

हे का होतं? माणसासारखीच माशाच्या डोक्यातही पिनिअल नावाची ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते आणि शरीराला कळतं की रात्र झाली. फरक एवढाच की माशाची ही ग्रंथी कवटीच्या वरच्या बाजूला, पातळ हाडाखाली असते आणि तिला स्वतःलाच उजेड कळतो. डोळ्यांची मध्यस्थी लागत नाही. म्हणजे मासा झाडाआड किंवा दगडामागं गेला तरी वरून येणारा उजेड त्याच्या डोक्याला जाणवत राहतो.

आणि हा उजेड किती पुरतो, ते ऐकून आश्चर्य वाटेल. बर्लिनच्या संशोधकांनी युरोपातल्या पर्च नावाच्या माशावर केलेले प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री अवघा १ लक्स उजेड ठेवला तरी माशातलं मेलाटोनिन घटलं. पौर्णिमेच्या लख्ख चांदण्याचा उजेड साधारण ०.३ लक्सच्या आतच असतो, यावरून १ लक्स म्हणजे काय त्याचा अंदाज येईल. झिरो बल्ब टँकजवळ लावला तर पाण्यापर्यंत यापेक्षा सहज जास्त उजेड पोचतो. 'मूनलाईट' म्हणून मिळणाऱ्या निळ्या एलईडीचंही तेच आहे. दिसायला झकास, पाहुणे आले की तासभर जरूर लावा, पण रात्रभर नको.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. रात्रभर लाईट ठेवली म्हणून मासा आठवड्यात मरत नाही. सामन माशाची शेती करणारे थंडीत मुद्दाम चोवीस तास दिवे लावतात, कारण त्यामुळं मासा लवकर वयात येत नाही आणि वजन वाढवत राहतो. पण ते मासे विकायला वाढवलेले असतात, आपल्याला टँकमधला मासा काही वर्षं सुखानं राहायला हवा आहे. पिल्लांच्या बाबतीत तर उजेडाचा फटका थेट बसू शकतो. 'नेमो'मुळं प्रसिद्ध झालेल्या क्लाऊनफिशवर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या अंड्यांवर रात्रीही उजेड ठेवला त्यातलं एकही अंडं फुटलं नाही. उजेड काढल्यावर मात्र उरलेली अंडी फुटली. या माशाची पिल्लं अंधार पडल्यावर अंड्यातून बाहेर येतात, अंधारच नाही तर बाहेर यायची वेळच होत नाही.

मग लाईट घालवली की मासे मरतात कसे?

शेजारच्यांचे दोन मासे अंधारातच मेले, ही तक्रार खोटी नसते. पण कारण वेगळं असतं.

बहुतेक घरांत टँकच्या मागं एकच एक्स्टेन्शन बोर्ड असतो. त्यावर लाईट, एअर पंप, फिल्टर आणि असला तर हीटर. झोपताना एक बटण दाबलं की सगळं बंद. शिवाय पंपाची गुरगुर रात्रीच्या शांततेत फार ऐकू येते, म्हणून तो मुद्दाम बंद करणारेही कमी नाहीत. सकाळी उठून बघावं तर मासे वर तोंड करून धापा टाकतायत, एखादा उलटा झालाय. घरचे म्हणतात, बघा, लाईट घालवली म्हणून असं झालं. लाईटीनं काही केलेलं नाही. बंद झाली ती हवा.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुळात थोडाच असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त आठ-सव्वाआठ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पाणी तापतं तेव्हा ऑक्सिजन कमी मावतो, आणि त्याच वेळी तापलेल्या पाण्यात माशाला तो जास्त लागतो. दोन्ही बाजूंनी ओढाताण. त्यात टँकमध्ये ऑक्सिजन घेणारे फक्त मासे नसतात. फिल्टरमधले आणि खडीतले जिवाणू, तळाला कुजणारं उरलेलं खाणं, आणि खरी झाडं असतील तर तीही. दिवसा झाडं उजेडात ऑक्सिजन सोडतात, रात्री तीच झाडं आपल्यासारखी ऑक्सिजन घेतात. त्यामुळं पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या आधी. शेततळ्यात मासे करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे तळ्यातले मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडताना दिसले की ते लगेच पाण्याला हवा देतात किंवा ताजं पाणी सोडतात.

इथं एक युक्तिवाद ऐकू येतो. झाडं उजेडात ऑक्सिजन सोडतात ना, मग रात्रीही लाईट ठेवली तर प्रश्नच मिटला? कागदावर बरोबर वाटतं. पण झिरो बल्बच्या उजेडात झाडं घेतात त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन तयारच करू शकत नाहीत, आणि पूर्ण लाईट रात्रभर ठेवली तर टँकमध्ये झाडांपेक्षा शेवाळच माजतं. ज्या टँकमध्ये प्लास्टिकची झाडं आहेत, तिथं तर बोलायलाच नको. हवेचं काम हवेनंच करायचं. पंपाचे बुडबुडे वर येऊन पाणी घुसळतात, पृष्ठभाग हलता राहतो आणि बाहेरची हवा पाण्यात मिसळते. बुडबुड्यांतून ऑक्सिजन विरघळतो तो थोडाच, खरं काम त्या हलत्या पृष्ठभागाचं. त्यामुळं फिल्टरचं पाणी वरून नीट पडत असेल आणि मासे बेताचे असतील तर रात्री एअर पंप नसला तरी चालतं. दोन्ही बंद मात्र नको.

माशाला हवा कमी पडते की दुसरं काही, हे ओळखायची सोपी खूण आहे. फक्त पहाटे-सकाळी वर येऊन धापा टाकतात आणि दुपारपर्यंत ठीक होतात, तर रात्रीची हवा कमी पडते आहे. दिवसभर धापा टाकत असतील तर पाणी बिघडलं आहे, अमोनिया वाढला आहे, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तसंच राहिलं आहे किंवा कल्ल्यांचा आजार आहे. तिथं लाईटीचा आणि पंपाचा वाद घालत बसू नये, आधी थोडं पाणी बदलावं, तेही क्लोरीन गेलेलं.

फायटर म्हणजे बेट्टा, आणि गुरामी हे मासे याला अपवाद. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायचा वेगळा अवयव असतो आणि ते वर येऊन सरळ हवा घेतात. बाजारात मरळ किंवा मांगूर पाण्याबाहेर टोपलीत कितीतरी वेळ तडफडत जिवंत असतो, त्यामागंही हवेतून श्वास घ्यायची अशीच सोय असते. म्हणून फायटर पंपाशिवाय राहतो. गोल्डफिशला ते जमत नाही, आणि नेमका तोच लोक गोल काचेच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरून ठेवतात. अशा भांड्यात पाणी सगळ्यात रुंद भागापर्यंतच भरावं, म्हणजे निदान हवेला टेकणारा पृष्ठभाग मोठा राहतो. खरं तर गोल्डफिश भांड्यात ठेवूच नये, पण ते वेगळं प्रकरण.

बल्ब उबेसाठी असतो तो कोंबडीच्या पिलांना

रात्रभर बल्ब ठेवायची कल्पना आपल्याकडं कुठून आली असावी? पोल्ट्रीत पिलांवर रात्रभर बल्ब असतो हे गावाकडं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं लहान पिलांना ऊब लागते आणि बल्ब ती देतो. पूर्वी टँकवरही पिवळे बल्बच असायचे, त्यांनी पाणी जरा कोमट राहायचं, त्यामुळं थंडीत फायदा झाल्यासारखा वाटायचा. आताच्या एलईडी लाईटी पाणी तापवत नाहीत. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी एंजल, टेट्रा, गुरामी, फायटर या उष्ण प्रदेशातल्या माशांना २४ ते २७ अंश ठेवणारा थर्मोस्टॅटचा हीटर लावा आणि तो रात्री चालू ठेवा. गोल्डफिशला हीटर लागत नाही. हीटरवरचा बारीक लाल दिवा रात्री लुकलुकतो, त्याची चिंता नको, तोंड भिंतीकडं करून टाका.

किती तास उजेड द्यायचा

आपण १६ व्या अक्षांशाच्या जरा खाली आहोत. इथला दिवस डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा आणि जूनमध्ये तेरा तासांचा. टँकमध्ये पाळले जाणारे बरेचसे मासे अॅमेझॉन, आग्नेय आशिया किंवा आपल्याच देशातले, म्हणजे अशाच दिवस-रात्रीत वाढलेले. पण याचा अर्थ लाईट बारा तास लावायची असा नाही. खोलीत खिडकीतून उजेड येतच असतो, तेवढ्यावर माशाचा दिवस सुरू होतो. टँकची लाईट ही झाडांसाठी आणि आपल्याला बघायला. खरी झाडं असतील तर रोज आठ तास पुरे, दहाच्या वर नको. झाडं नसतील तर सहा-सात तासही चालतात. संध्याकाळी घरात माणसं असतात तेव्हाच टँक बघितला जातो, त्यामुळं दुपारी २ ते रात्री १० असं ठेवलं तरी मासा तक्रार करत नाही. वेळ रोज तीच असली की झालं. प्लगमध्ये लावायचा टायमर काही शे रुपयांत मिळतो. पंप आणि हीटर मात्र त्या टायमरवर जोडायचे नाहीत, ते वेगळ्या प्लगला. मघाशी सांगितलेला एकाच बोर्डाचा घोटाळाही यानं आपोआप सुटतो.

काच हिरवी पडत असेल, पाणी वाटाण्याच्या रस्स्यासारखं होत असेल, तर सगळ्यात आधी लाईटीचे तास मोजा आणि टँकवर ऊन पडतं का बघा. औषध नंतर. बिलाचंही गणित करून ठेवलेलं बरं. २० वॅटची लाईट चोवीस तास ठेवली तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट, आठ तास ठेवली तर पाचच्या आत.

लाईट लावताना-घालवतानाही एक काळजी घ्यावी. पूर्ण अंधार असताना एकदम टँकची लाईट लावली की मासे दचकतात, सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात, झाकण नसेल तर बाहेरही उडी मारतात. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस सहज म्हणून लाईट लावतो, आणि सकाळी मासा जमिनीवर सापडतो. आधी खोलीतली लाईट लावा, दहा-पंधरा मिनिटांनी टँकची. घालवताना उलट क्रम. आणि शेवटचं खाणं लाईट जायच्या निदान तासभर आधी, म्हणजे उरलेलं काढता येतं.

सकर मासा, कुली लोच आणि बरेच कॅटफिश हे रात्रीचे गडी. दिवसा लाकडाखाली दडून बसतात आणि अंधार पडला की बाहेर येतात. रात्रभर लाईट ठेवली तर ते उपाशी राहतात, कारण दिवसाचं खाणं बाकीच्यांनी फस्त केलेलं असतं. त्यांच्यासाठी लाईट घालवल्यावर तळाशी बसणारी गोळी टाकायची. जाता जाता, सकर फार मोठा झाला म्हणून तलावात किंवा नदीत नेऊन सोडू नका. देशातल्या बऱ्याच तलावांत आणि नद्यांत हा परका मासा असाच सोडून दिल्यामुळं पसरला आहे आणि तिथल्या माशांना डोईजड झाला आहे.

मंद उजेड ठेवायचा तो एकाच प्रसंगी. एंजल किंवा डिस्कसच्या जोडीनं अंडी घातली असतील तर पाळणारे अनुभवी लोक काही रात्री अगदी मंद दिवा ठेवतात, म्हणजे आई-बापांना अंडी आणि पिल्लं दिसत राहतात. पिल्लं नीट पोहायला लागली की तो दिवाही बंद.

हॉलमधली रात्र

टँक बहुतेक हॉलमध्ये असतो, आणि हॉलमध्ये रात्र उशिराच होते. टँकची लाईट दहाला बंद झाली तरी टीव्ही बारापर्यंत चालू, बाहेरच्या बोर्डाचा उजेड खिडकीतून आत. टँकच्या त्या बाजूला रात्री जाड कापड टाकलं तरी पुष्कळ झालं, फक्त वरची झाकणाची फट मोकळी ठेवावी. गणपतीच्या दिवसांत जास्त लक्ष द्यावं लागतं. मखराच्या माळा दहा दिवस रात्रंदिवस लुकलुकत असतात आणि टँक बरोबर त्याच भिंतीला असतो. देवापुढचं निरांजन, समई राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. माळांचा लुकलुकाट मात्र टँकच्या बाजूनं झाकून टाका.

आणि लाईट खरोखरच गेली तर? इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंप जोडा, टँकची लाईट नको. एअर पंप दोन-तीन वॅटचा असतो, इन्व्हर्टरला तो कळतही नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा, पावसाळ्यात झाडं पडून रात्र रात्र वीज नसते तेव्हा तोच कामाला येतो. तेही नसेल तर मगानं टँकमधलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टँकमध्ये सोडायचं, पाच-दहा मिनिटं, तासा-दोन तासांनी पुन्हा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि जमिनीवर उतरतं. म्हणून पंप वरच्या फळीवर ठेवावा, नाहीतर नळीत उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा. वीज बरेच तास नव्हती आणि फिल्टर डबाबंद प्रकारचा असेल, तर आतलं साचलेलं पाणी ओतून टाकल्याशिवाय तो चालू करू नका. आतले जिवाणू ऑक्सिजनविना मेलेले असतात आणि ते सडकं पाणी एकदम टँकमध्ये येतं.

जत्रेला किंवा लग्नाला तीन-चार दिवस बाहेरगावी जाणारे लोक मासे अंधारात नकोत म्हणून टँकची लाईट लावूनच जातात. लाईट घालवून जा, खिडकीतला उजेड पुरतो. पंप, फिल्टर चालू ठेवा. मोठे निरोगी मासे चार दिवस न खाता आरामात राहतात. शेजाऱ्यांना किल्ली देणारच असाल तर खाण्याचा डबा देऊ नका. एका वेळेला चिमूटभर, अशा कागदाच्या पुड्या बांधून द्या, नाहीतर प्रेमानं मूठभर टाकतात आणि आपण परत येईपर्यंत पाणी वास मारायला लागतं.